लाल घुमटांपर्यंत

शेवडेकाकांच्या फ्रिजवर चौकटींचा एक कागद चिकटवलेला असायचा. शाळेतल्या आलेखाच्या वहीचं पान असतं तसा, मधोमध एक काळा ठिपका. रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की काका त्या कागदासमोर उभे राहायचे, एक डोळा तळहाताने झाकायचे, मग दुसरा. "आज चौथी लाइन वाकली," असं ते जाहीर करायचे, पुलाच्या तुळईला पोक आलाय हे साइटवरून कळवावं तशा आवाजात. रेषा अर्थातच सरळ होत्या. वाकत होती ती त्यांची नजर. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मधलं जाणार, कडेचं राहणार. त्यामुळे काका माणसाशी बोलताना त्याच्या कानाच्या थोडं पलीकडे बघायचे, आणि नवख्या माणसाला वाटायचं, आपल्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलंय.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. नागपूरहून परदेशात, कॅरी नावाच्या गावाला आलेला, एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या कामावर. काकांची माझी ओळख मंडळाच्या गणपतीत झाली. मी वाढपी होतो आणि ते जिलबीवर आमटी ओतून घेत होते. मी डाव अडवला. "भाताकडे वळवू का काका?" म्हणालो. ते माझ्या कानापलीकडे बघत म्हणाले, "वळव. आणि कुणाला सांगू नकोस. मुलीला कळलं तर उद्या ती मला वृद्धाश्रमात टाकेल." त्यांनी गाडी चालवणं नुकतंच सोडलं होतं. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. महिन्याभरात मी त्यांच्या घरातल्या वरच्या मागच्या खोलीत राहायला गेलो. करार सोपा होता: मी त्यांना लायब्ररीत, डॉक्टरकडे आणि शनिवारी इंडियन स्टोअरमध्ये ड्राइव्ह करून न्यायचं, आणि त्यांनी मला खाऊ घालायचं.

त्या घराचे आवाज मला अजून ओळीने आठवतात. पहाटे तळ्यावरची बदकं कलकलायची, मग काकांचं बोलकं घड्याळ. बटण दाबलं की एक बाई इंग्रजीतून वेळ सांगायची. काका तिला 'मडम' म्हणायचे. "मडम म्हणतायत साडेसहा झाले, ऊठ." मग कुकरच्या शिट्ट्या. तीन झाल्या की काका गॅस बंद करायचे आणि चौथी झाली तर दिवसभर हळहळायचे. ते मिरजेचे, त्यामुळे आमटीत गूळ पडायचा. मी नागपूरचा, मला ती गोड लागायची. एका रविवारी मी वडाभात केला. वड्यांचा चुरा भातात कालवून वर हिंग-मोहरीची फोडणी ओतली. काका जेवले, पाणी प्यायले, परत जेवले आणि म्हणाले, "हा पदार्थ आमच्या घरी का नव्हता? नलिनीला आवडला असता." काकूंचं नाव त्या घरात असंच यायचं, जेवणाच्या शेवटी.

काका सरकारी रस्तेखात्यात पुलांचे इंजिनिअर होते. काकू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करायच्या आणि उरलेल्या वेळात भरतकाम. निवृत्तीनंतर दोघांनी इटलीची सफर केली होती. तिथे पालेर्मो नावाचं समुद्राकाठचं जुनं शहर आहे, आणि काकूंना त्यातली दोन चर्चेस बघायची होती. एक आतून सगळं सोनेरी, बारीक काचतुकड्यांच्या चित्रांनी मढवलेलं. दुसरं आतून अगदी ओकंबोकं, पण डोक्यावर पाच लाल घुमट आणि बाजूला लिंबांची छोटी बाग. दोन्हींमध्ये पायी जेमतेम पंधरा मिनिटांचं अंतर. सोनेरी चर्च त्यांनी पाहिलं. तिथे एका चित्रात मरियमच्या पायाशी लोटांगण घातलेला एक माणूस आहे. त्याचा अंगरखा असा काही रंगवलाय की तो माणूस पाठीवर कवच असल्यासारखा दिसतो. काकू मोठ्याने हसल्या म्हणे. "अहो बघा, इथेही देवापुढे कासव आहे!" मग दोघं लाल घुमटांकडे निघाली. वाटेत बाजार होता, ऊन होतं, काकांना भूक लागली होती. मासळीच्या एका गाड्यापाशी काका थांबले आणि म्हणाले, "चर्चेस सगळी सारखीच गं. उद्या बघू." काकू "बरं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांची गाडी होती, हे काकांच्या लक्षातच नव्हतं.

"तिच्या होतं," काका म्हणाले. हे त्यांनी मला मटार सोलताना सांगितलं. "तिला माहीत होतं की उद्या जमणार नाही. तरी बरं म्हणाली. नंतर विषयसुद्धा काढला नाही कधी."

मी म्हणालो, "मग आपण जाऊ की काका." इतकं सहज म्हणालो. थंडी होती, बाहेर अंधारून आलं होतं, मटार गोड होते आणि मला त्या घरात आपलं कुणीतरी असल्यासारखं वाटत होतं. काकांचे हात थांबले. "येशील तू? एकट्याने जाऊन मला काही दिसायचं नाही. कुणीतरी सांगायला हवं की हे आता समोर आलं म्हणून. मुलीला जुळी झालीयत, तिला कुठे सांगू." मी म्हणालो, येईन. एप्रिलअखेर ठरली. डॉक्टरांच्या हिशेबाने पुढच्या हिवाळ्यापर्यंत मधलं बरंचसं जाणार होतं. म्हणजे लाल घुमट डोळ्यांनी बघायचे तर हाच वसंत.

दुसऱ्या दिवसापासून काकांच्या अंगात इंजिनिअर संचारला. काकूंच्या गाइडबुकात शहराचा नकाशा होता. त्यावर सोनेरी चर्चपासून लाल घुमटांपर्यंत, प्रत्येक गल्लीचं वळण घेत, त्यांनी काकूंच्या डब्यातला भरतकामाचा लाल दोरा ठेवला. भिंगातून बघून मी तो बोटाने सरकवायचा आणि त्यांनी डिंक लावायचा. मग तेवढाच दोरा कापून नकाशाच्या मापावर मोजला. गॅरेजमधून रस्ता मोजायचं जुनं चाक काढलं. त्यांच्या पत्र्याच्या मेलबॉक्सपासून तेवढं अंतर चालत गेलं की बरोबर वस्तीच्या टोकाचं तळं येत होतं, जिथे लाकडी बाक होता. "झालं. मेलबॉक्स म्हणजे सोनेरी. बाक म्हणजे लाल घुमट. रोज सराव करायचा. तिथे जाऊन पुन्हा भूक लागली म्हणायला नको."

मग आम्ही रोज संध्याकाळी, मी ऑफिसातून आल्यावर, पालेर्मोत चालायला लागलो. काकांचा हात माझ्या कोपरावर. अकराशेच्या आसपास पावलं भरायची. वाटेत कोणत्या घरापाशी कोणतं वळण येतं हे ठरलेलं होतं: निळ्या दाराच्या घरापाशी बाजार सुरू, आगीच्या बंबाच्या लाल नळापाशी मासळीचा गाडा. तिथे आल्यावर काका न चुकता म्हणायचे, "इथे थांबायचं नाही." बाकापाशी पोचलो की विचारायचे, "आलं का?" आणि मी म्हणायचो, "आलं." शेजारचा एक गोरा म्हातारा हिरवळ कापताना आम्हाला हात करायचा. काका हात करून मराठीत म्हणायचे, "रामराम पाद्रीबुवा." मला त्या वेळी हे सगळं फार आवडत होतं. हे लिहिलं पाहिजे, कारण पुढे मी जे केलं ते कंटाळून केलं असं कुणाला वाटू नये. तसं असतं तर बरं झालं असतं.

ऑफिसात केदार म्हणून माझा मित्र होता, पुण्याचा. त्याने आणि आणखी दोघांनी वेस्टला, देशाच्या दुसऱ्या टोकाला, जायचा बेत केला: गाडी भाड्याने घ्यायची, टप उघडणारी, आणि वाळवंटातून ड्राइव्ह करायचं. तारखा नेमक्या त्याच. मी सांगितलं, जमत नाही, काकांबरोबर इटलीला चाललोय. केदारने जेवणाचा डबा खाली ठेवला. "कोण काका? सख्खे?"

"नाही. मी ज्यांच्याकडे राहतो ते."

"अरे यार, वर्षात दहा दिवस सुट्टी, आणि ती तू चर्च बघण्यात घालवणार? तेही एका म्हाताऱ्याचा हात धरून? हनिमूनला चाललायस का?" टेबलावरचे सगळे हसले. मीही हसलो. मग दुसरा म्हणाला, "याला काही होत नाही रे, हा जन्मतःच पन्नास वर्षांचा आहे." त्यावर मी हसलो नाही. मला ते लागलं. आता खरोखरच पन्नाशीकडे झुकलोय तर वाटतं, यात लागण्यासारखं काय होतं? पण चोविसाव्या वर्षी आरशात बघितलं तर खरंच एक माणूस दिसत होता जो संध्याकाळी म्हाताऱ्याला फिरवतो, शनिवारी मेथीची फ्रोजन पाकिटं आणतो आणि साडेनवाला झोपतो. मला घाबरायला झालं.

तेव्हा आम्हा सगळ्यांकडे एक सबब तयार असायची. नोकरीची परवानगी वेगळी आणि पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का वेगळा. शिक्क्याची मुदत संपली तरी देशात राहता यायचं, काम करता यायचं. पण एकदा बाहेर पाऊल टाकलं की परत येण्याआधी भारतात जाऊन नवा शिक्का मिळवायचा. याला सगळे 'स्टॅम्पिंग' म्हणायचे, आणि आवाज खाली करून म्हणायचे. प्रत्येक ऑफिसात एक गोष्ट असायचीच: अमका आईच्या आजारपणाला गेला आणि चार महिने तिकडेच अडकला, तमक्याची गाडी इथे विमानतळाच्या पार्किंगमध्ये धूळ खात राहिली. स्टॅम्पिंग म्हटलं की लग्नं पुढे जायची, बारशी फोनवर व्हायची आणि कुणी एक शब्द उलट विचारायचं नाही. दैवाची गोष्ट असल्यासारखं. मला खोटं शोधावं लागलंच नाही. ते हाताशी होतं.

मार्चमधली शनिवारची सकाळ होती. पाइनच्या झाडांचे पराग पडायला लागले होते. त्या दिवसांत कॅरीत सगळ्यावर पिवळा थर बसतो, गाड्यांवर, मेलबॉक्सवर, तळ्यावर. कुणीतरी अख्ख्या वस्तीला हळद लावल्यासारखा. काका पोहे परतत होते. मी त्यांच्या पाठीकडे बघत म्हणालो, "काका, एक घोटाळा झालाय. माझं स्टॅम्पिंग एक्स्पायर झालंय. आता बाहेर गेलो तर परत यायला मुंबईला जावं लागेल, आणि मध्येच प्रोजेक्ट..."

कालथा थांबला. काका वळले आणि माझ्या कानापलीकडे बघत राहिले. पोहे खाली लागायला लागले, मला वास आला, पण मी उठलो नाही.

"असं होय," ते म्हणाले. मग गॅस बंद केला. "मग काय इलाज. नोकरीपेक्षा चर्च मोठं नाही."

"पुढच्या वर्षी नक्की, काका."

"हो हो. पुढच्या वर्षी." त्यांनी पोहे वाढले. लागलेले त्यांच्या ताटलीत, वरचे माझ्या. दुपारी त्यांनी फोन करून बुकिंग कॅन्सल केलं. पलीकडच्या बाईला कारण सांगताना म्हणाले, "माझ्या सोबत्याची अडचण आहे." इंग्रजीत म्हणाले, पण मला ते मराठीतच ऐकू आलं.

एप्रिलअखेर मी केदारबरोबर वेस्टला गेलो. देशातल्या देशात जायला शिक्का लागत नाही, तेव्हा लपवायचंही काही नव्हतं. काकाच म्हणाले, "जाऊन ये, सुट्टी कशाला वाया घालवतोस." निघताना त्यांनी मला चिवड्याची पिशवी दिली. त्यावर जाड काळ्या मार्करने 'प्रफुल्ल' लिहिलेलं होतं. नजर अधू झाल्यापासून ते सगळं त्या मार्करनेच लिहायचे, डब्यांवर, पाकिटांवर, कॅलेंडरवर. वाळवंटात टप उघडून गाडी पळवताना सगळे तो चिवडा खात होते. केदार म्हणाला, "भारी आहे रे, म्हातारा." मी पिशवी उलटी धरली होती, नाव आतल्या बाजूला येईल अशी.

हिवाळ्यापर्यंत मधलं गेलं. डॉक्टर म्हणाले होते त्याच्याही थोडं आधी. फ्रिजवरचा कागद काकांनी स्वतः काढला आणि घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला. मुलीचा फोन यायचा, "बाबा, आर यू ईटिंग?" आणि काका म्हणायचे, "आयम ईटिंग, आयम ईटिंग, प्रफुल्ल इज हिअर." मग ती मला फोनवर बोलावून म्हणायची, "थँक यू सो मच, रिअली." मी म्हणायचो, "त्यात काय."

चालणं मात्र त्यांनी सोडलं नाही. मला वाटलं होतं सोडतील. उलट आता ते मला काकूंचं गाइडबुक बरोबर घ्यायला लावायचे. बाकावर बसलो की मी त्यातलं चित्र बघून सांगायचो: घुमट किती, भिंतीचा रंग कसा, लिंबाची झाडं कुठे. काकूंनी समासात पेन्सिलीने लिहिलेलं वाचून दाखवायचो. लाल घुमटांच्या पानावर तीनच शब्द होते, 'इथे बराच वेळ'. काका ते दर वेळी पुन्हा वाचायला सांगायचे. एकदा अशाच एका संध्याकाळी मी पुस्तक मिटलं तेव्हा काका म्हणाले, "प्रफुल्ल, तुला काही सांगायचंय का?"

"कशाबद्दल?"

"कशाहीबद्दल."

तळ्यावर बदकं एकामागोमाग उतरत होती. मी काकांकडे बघितलं. ते माझ्या कानापलीकडेच बघत होते, पण आता त्यांना तेवढंच दिसत होतं, म्हणजे एका अर्थाने ते माझ्याकडे नीट बघत होते. मी म्हणालो, "नाही काका."

"बरं," ते म्हणाले. "मग चल. आमटी करायचीय."

दोन वर्षांनी मला दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला नोकरी मिळाली. काकांनी लोखंडी फाइलींच्या कपाटातून चाचपडत एक पाकीट काढलं. माझे कागद पहिल्यापासून त्या कपाटात असायचे. मागच्या अपार्टमेंटमध्ये पाइप फुटून माझी सर्टिफिकेटं भिजली होती, तेव्हा काकाच म्हणाले होते की पासपोर्टबिसपोर्ट सगळं माझ्याकडे ठेव. "सगळे आहेत का बघून घे," ते म्हणाले. "तुमच्याकडे ठेवल्यावर बघायचं काय काका," असं म्हणून मी ते पाकीट गाडीच्या कप्प्यात टाकलं आणि त्यांच्या पाया पडलो. मेलबॉक्सपाशी उभे राहून ते हात हलवत होते. मी वळण घेतलं तरी हलवत होते. मी गेलो हे त्यांना दिसलं नसणार.

पाकीट उघडलं ते काही महिन्यांनी, भारतात जायचं होतं म्हणून. पासपोर्टच्या मागे एक घडी घातलेला कागद होता. माझ्या व्हिसाच्या पानाची मोठी करून काढलेली झेरॉक्स, लायब्ररीतल्या मशीनवरची. अक्षरं बोटाएवढी. मुदतीच्या तारखेखाली जाड काळ्या मार्करची रेघ होती, आणि खाली त्यांच्या अक्षरात, 'एप्रिलमध्ये चालेल. अजून दीड वर्ष आहे.' त्याला जोडलेला इटलीच्या व्हिसाचा अर्ज होता, माझ्या नावाचा, त्यांनी मार्करने अर्धवट भरलेला. माझ्यासाठी. आणि अर्जावरची तारीख फेब्रुवारीची होती.

म्हणजे पोहे परतताना त्यांना माहीत होतं. बुकिंग कॅन्सल करताना, चिवडा भरताना, बाकावर मला विचारताना, सगळा वेळ. मला आठवलं की जानेवारीत मीच त्यांना म्हणालो होतो, "पासपोर्ट तुमच्याच कपाटात आहे, लागेल तेव्हा घ्या." ज्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे, त्यात ठेवलेल्या कागदाबद्दल मी त्यांच्याच स्वयंपाकघरात खोटं बोललो होतो. बोलताना हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. म्हाताऱ्याला वाचता येत नाही, हे मी मनाशी इतकं धरून चाललो होतो.

मी फोन केला. बराच वेळ वाजल्यावर उचलला.

"काका, कागद मिळाले."

"सगळे होते ना?"

"हो."

मागे मडमने वेळ सांगितली. मी काही बोलेन म्हणून काका थांबले होते, हे मला आज कळतं. तेव्हाही कळलं होतं. मी म्हणालो, "तिकडे पाऊस आहे का?"

"थोडा थोडा," काका म्हणाले. "बरं. जपून जा."

त्यानंतर ते मुलीकडे गेले, घर विकलं गेलं. मी दिवाळीला फोन करायचो, पाऊस आणि तब्येत यांवर बोलायचो. एका वर्षी फोन मुलीने उचलला आणि इंग्रजीत सांगितलं. अकस्मात झालं, त्रास नाही झाला. तुझी आठवण काढायचे, म्हणाली. काय म्हणायचे, हे मी विचारलं नाही.

बायकोलाही हे मी कधी सांगितलं नव्हतं. माझी मुलगी मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते, तिला तर सांगायचा प्रश्नच नव्हता. मागच्या वर्षी कामासाठी रोमला गेलो होतो. तिथून दोन दिवस काढून पालेर्मोला गेलो. कासवासारखा माणूस खरंच आहे. मी त्याच्यासमोर हसायचा प्रयत्न केला. मग पावलं मोजत निघालो. बाजार अजून आहे, मासळी आहे, ओरडा आहे. एका गाड्यापाशी कुणीतरी मला हात करून बोलावलं, पण मी थांबलो नाही. काकांचा दोरा चुकला नव्हता. अकराशेच्या थोडं पुढे मान वर केली तर भिंतीमागे घुमट होते. चित्रातल्यापेक्षा मळकट, विटलेले, पण लाल. "आलं," मी म्हणालो. कुणी विचारलेलं नव्हतं. मग फाटकाशी उभं राहून मी मराठीत, मोठ्याने म्हणालो, "काका, माझा शिक्का चालू होता. मला यायचं नव्हतं."

तिकिटाच्या खिडकीतल्या बाईंना वाटलं मी त्यांना काही विचारतोय. त्यांनी त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं, आणि मला कळलं नाही असं बघून बोटांनी विचारलं, किती जण?

मी एक बोट वर केलं.